कीबोर्ड लायब्ररीचं डीबग आउटपुट: चालू कसं करायचं, आवरायचं कसं आणि बंद का करायचं?

तुम्ही मोबाईलवर 'हिंगोली' टाइप करता आणि स्क्रीनवर 'हिंगोली' दिसतं. पण 'दऱ्या' टाइप केलं आणि 'दर्या' उमटलं तर? डोंगरातल्या दऱ्यांचा एकदम समुद्र झाला! आता चूक कोणाची? तुमच्या बोटाची, कीबोर्डची, फॉन्टची, की ज्या ॲपमध्ये लिहिताय त्या ॲपची?

अंदाज करत बसलात तर दिवस जाईल. प्रोग्रामर अशा वेळी अंदाज करत नाही. तो कीबोर्डच्या आतल्या प्रोग्रामला सांगतो, 'तू काय करतोयस ते मला बोलून दाखव.' या बोलण्यालाच डीबग आउटपुट म्हणतात. ते नीट वापरलं तर चूक कुठे आहे ते काही मिनिटांत कळतं. पण कीबोर्डचं डीबग आउटपुट इतर प्रोग्रामच्या आउटपुटपेक्षा वेगळं असतं. त्यात तुम्ही टाइप केलेली प्रत्येक गोष्ट येऊ शकते, पासवर्डसुद्धा. म्हणून ते चालू करता येणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते आवरता आणि बंद करता येणं महत्त्वाचं.

या लेखात आपण मराठी टायपिंग ज्यांच्यावर चालतं अशा दोन खऱ्या लायब्ररी बघू आणि शेवटी फोनकडे येऊ.

आधी थोडी ओळख: कीबोर्ड लायब्ररी म्हणजे काय?

कळ दाबली की कॉम्प्युटरला अक्षर मिळत नाही, फक्त 'अमुक नंबरची कळ दाबली गेली' एवढंच कळतं. त्या कळीचं अक्षर करण्याचं काम एक वेगळा प्रोग्राम करतो. हे काम प्रत्येक ॲपने नव्याने लिहायची गरज पडू नये म्हणून ते एका तयार संचात ठेवलेलं असतं. तो संच म्हणजे लायब्ररी.

मराठीसाठी हे काम जरा जास्तच लागतं. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर 'हिंगोली' लिहायला यू, एफ, एक्स, आय, ए, एन, आर या ७ कळा लागतात आणि त्यातून ह, ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार, ग, ओकार, ल, दीर्घ वेलांटी अशी ७ चिन्हं तयार होतात. एका कळीला एक चिन्ह, सरळ हिशोब. इनस्क्रिप्टचा हा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात, म्हणजे इस्कीच्या आयएस १३१९४ मध्ये आला. पुढे २०१६ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आयएस १६३५० म्हणून आली.

फोनेटिक पद्धतीत मात्र मामला वेगळा. तिथे 'एच' दाबल्यावर आधी पाय मोडलेला 'ह्' येतो. मग 'आय' दाबलं की तो 'हि' होतो. म्हणजे लायब्ररीला आधीची कळ लक्षात ठेवावी लागते आणि आधी दाखवलेलं अक्षर बदलावं लागतं. जिथे लक्षात ठेवणं आलं, तिथे गडबडीला जागा आलीच.

एम१७एन: जपानमधली लायब्ररी, तिच्यात मराठी

लिनक्सवर मराठी टाइप केलं असेल तर एम१७एन हे नाव तुमच्या नजरेखालून गेलं असेल. इंग्रजीत 'मल्टिलिंग्वलायझेशन' या शब्दात पहिलं अक्षर एम, शेवटचं एन आणि मध्ये १७ अक्षरं आहेत. त्यावरून हे छोटं नाव पडलं. जपानच्या एआयएसटी या सरकारी संशोधन संस्थेत केनिची हांडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही लायब्ररी सी भाषेत लिहिली. याच हांडांनी त्याआधी ईमॅक्स या संपादकात अनेक भाषा आणण्याचं काम केलं होतं.

एम१७एनची गंमत अशी की प्रत्येक कीबोर्डचे नियम एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असतात. फाईलच्या नावाच्या शेवटी 'डॉट एमआयएम' असतं. मराठीसाठी इनस्क्रिप्ट, इनस्क्रिप्ट२, आयट्रान्स आणि फोनेटिक अशा फाईली आहेत. प्रोग्रामिंग येत नसलं तरी फाईल उघडून 'कोणती कळ, कोणतं अक्षर' हे वाचता येतं. लिनक्सवर आयबस नावाचा प्रोग्राम या लायब्ररीला तुमच्या ॲपशी जोडून देतो.

आता मुख्य मुद्दा. या लायब्ररीला बोलतं कसं करायचं?

डीबगचे नळ: एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल

एम१७एन सुरू होताना काही ठरावीक नावांच्या सेटिंग वाचते. या सेटिंगना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात. प्रोग्राम सुरू करण्याआधी आपण टर्मिनलमध्ये एक नाव लिहून त्याला किंमत देतो आणि प्रोग्राम ती वाचतो, इतकंच. प्रोग्रामचा कोड बदलावा लागत नाही, नव्याने बांधावाही लागत नाही.

या सगळ्या नावांची सुरुवात 'एमडीबग' अशी होते. हे सगळं रोमन कॅपिटल अक्षरांत लिहायचं, मग अंडरस्कोर आणि मग त्या भागाचं नाव. प्रत्येक नाव म्हणजे एक वेगळा नळ समजा:

• इनिट: लायब्ररी सुरू होताना काय काय झालं ते सांगतं.
• फिनी: लायब्ररी बंद होताना मेमरीतल्या किती गोष्टी मोकळ्या करायच्या राहिल्या ते मोजून सांगतं. मेमरी गळतीय का हे बघायला उपयोगी.
• कॅरसेट: कोणते अक्षरसंच उघडले गेले. इंग्रजी स्पेलिंग 'कॅरॅक्टर सेट'चं छोटं रूप आहे.
• कोडिंग: कोणत्या कोडिंग पद्धती उघडल्या गेल्या.
• डेटाबेस: कोणत्या नियमांच्या फाईली उघडल्या गेल्या. तुमची मराठी फाईल मुळात सापडली का, हे इथे कळतं.
• फॉन्ट: कोणता फॉन्ट निवडला आणि उघडला.
• एफएलटी: अक्षरं जोडून जोडाक्षरं मांडण्याची पायरी. याला १, २ किंवा ३ अशी किंमत देता येते. आकडा मोठा तसा तपशील जास्त.
• इनपुट: कीबोर्डची पद्धत कशी चालली आहे. आपल्या कामाचा नळ हाच.
• ऑल: वरचे सगळे नळ एकदम सुरू.
• आउटपुट फाईल: हा नळ नाही, पाइप आहे. पाणी कुठे सोडायचं ते इथे सांगायचं. या नावात 'आउटपुट' आणि 'फाईल'च्या मध्येही अंडरस्कोर येतं.

चालू करायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी किंमत १ द्यायची. टर्मिनलमध्ये 'एक्सपोर्ट' लिहा, स्पेस द्या, नळाचं पूर्ण नाव लिहा, बरोबरचं चिन्ह द्या आणि १ लिहा. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना स्पेस नको.

इथे मराठी टाइप करणाऱ्यांची एक हमखास गफलत होते. मराठी कीबोर्ड चालू असताना १ दाबला तर देवनागरी आकडा येऊ शकतो. दिसायला ठीक दिसतो, पण लायब्ररीला तो आकडा म्हणून कळत नाही. तेव्हा कमांड लिहिताना कीबोर्ड इंग्रजीवर घ्या.

चार प्रश्न, मगच नळ उघडा

डीबग आउटपुट चालू करणं सोपं आहे. ते आवरणं हेच खरं काम. त्यासाठी आधी चार प्रश्नांची उत्तरं ठरवा.

१. कोणत्या भागाचं आउटपुट?

नवीन माणूस सरळ 'ऑल' चालू करतो. मग एका शब्दासाठी शेकडो ओळी सरसर वर सरकतात आणि हवी ती ओळ हाती लागत नाही. औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा आठवा. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला मंजुरी दिली. तिथे ४-४ किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि फार दूरवरून आलेल्या गुरुत्वीय लहरी टिपायच्या असतील. पण जमिनीची थरथर आणि रस्त्यावरचे ट्रक यांच्या गोंगाटातून ती लहर वेगळी काढता आली तरच उपयोग. लॉगचंही तसंच आहे. सगळं ऐकलं म्हणजे सगळं समजलं असं होत नाही.

म्हणून कळ आणि अक्षराचा गोंधळ असेल तर फक्त 'इनपुट'. मराठी कीबोर्ड यादीतच दिसत नसेल तर 'डेटाबेस'. एका वेळी एकच नळ.

२. किती आउटपुट?

एम१७एनमध्ये नळ विषयानुसार आहेत. दुसरी एक लायब्ररी वेगळ्या पद्धतीने विचार करते. तिचं नाव एक्सकेबी-कॉमन. लिनक्सच्या नव्या ग्राफिक डेस्कटॉपवर कळींचा आराखडा वाचायचं काम बहुधा हीच करते. तिच्या आराखड्यांच्या यादीत मराठीसाठी कगप फोनेटिक हा पर्यायही आहे.

एक्सकेबी-कॉमनमध्ये गांभीर्यानुसार पाच पायऱ्या आहेत: क्रिटिकल, एरर, वॉर्निंग, इन्फो आणि डीबग. त्यांना १०, २०, ३०, ४०, ५० असे आकडे आहेत. तुम्ही जी पायरी निवडाल ती आणि तिच्याहून गंभीर असलेलं सगळं छापलं जातं. काहीच सांगितलं नाही तर पायरी 'एरर' असते, म्हणजे लायब्ररी खऱ्या चुका सोडून गप्प बसते. बदलायचं असेल तर 'एक्सकेबी', 'लॉग', 'लेव्हल' हे तीन शब्द अंडरस्कोरने जोडून होणाऱ्या व्हेरिएबलला पायरीचं नाव किंवा आकडा द्यायचा.

त्याशिवाय 'व्हर्बोसिटी' नावाचं आणखी एक बटण आहे. ते ० ते १० पर्यंत जातं आणि मुळात ०वर असतं. काही इशारे इतके किरकोळ असतात की रोज बघायची गरज नसते. पण तुम्ही स्वतः नवा कीबोर्ड आराखडा लिहीत असाल तर तेच इशारे कामाला येतात. तेव्हा हा आकडा वाढवायचा.

थोडक्यात, एम१७एन विचारते 'कशाबद्दल बोलू?' आणि एक्सकेबी-कॉमन विचारते 'कितपत गंभीर असेल तेव्हा बोलू?'

३. आउटपुट कुठे जाणार?

काही सांगितलं नाही तर एम१७एन आपलं बोलणं 'स्टँडर्ड एरर'वर टाकते. म्हणजे प्रोग्राम टर्मिनलमधून सुरू केला असेल तर ते तिथेच दिसतं आणि खिडकी बंद केली की जातं. 'आउटपुट फाईल'ला एखाद्या फाईलचं नाव दिलं तर सगळं त्या फाईलमध्ये जातं. 'एसटीडीआउट' लिहिलं तर नेहमीच्या आउटपुटमध्ये जातं.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. फाईल दिली की नवीन ओळी जुन्या ओळींच्या खाली जोडल्या जातात, जुनं पुसलं जात नाही. म्हणजे काल टाइप केलेलंही त्यात आहे आणि आजचंही. कॉलेजच्या लॅबमधल्या एकाच कॉम्प्युटरवर दहा जण बसत असतील तर अशी फाईल सगळ्यांना दिसेल अशा फोल्डरमध्ये ठेवणं म्हणजे डायरी उघडी टाकून घरी जाणं. फाईल स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिची परवानगी फक्त स्वतःपुरती करा.

एक्सकेबी-कॉमनमध्ये प्रोग्राम लिहिणाऱ्याला आणखी एक सोय आहे. लॉग कुठे आणि कसा लिहायचा यासाठी तो स्वतःचं फंक्शन देऊ शकतो. त्यामुळे सगळे संदेश आपल्या ॲपच्या लॉगमध्ये घेता येतात किंवा नको ते गाळता येतात.

४. कधीपर्यंत?

या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरवा: चूक सापडेपर्यंत, त्यापुढे एक मिनिटही नाही. एम१७एन या सेटिंग सुरू होतानाच वाचते. त्यामुळे मध्येच व्हेरिएबल काढून टाकलं तरी चालू असलेला प्रोग्राम बोलतच राहतो. बंद करायचं तर 'अनसेट' करा आणि प्रोग्राम पुन्हा सुरू करा. लॉगिनच्या वेळी आपोआप वाचल्या जाणाऱ्या फाईलमध्ये हे व्हेरिएबल कधीच लिहून ठेवू नका. तिथे लिहिलं की विसरलंच म्हणून समजा.

आता खरा तपास: 'दऱ्या'ची 'दर्या' कुठे झाली?

मराठीत ऱ्य आणि र्य वेगळे आहेत. स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्याला 'आचाऱ्यांना' म्हणतात, गुरुजींना 'आचार्यांना'. ही चूक झाली तर लग्नपत्रिकेपासून सातबाऱ्याच्या अर्जापर्यंत कुठेही अर्थ बदलू शकतो.

युनिकोडमध्ये हा फरक असा साठवला जातो. रफारासाठी साधा र, मग हलन्त. ऱ्यसाठी नुक्त्याचा ऱ, ज्याचा नंबर ०९३१ आहे, आणि मग हलन्त. दुसरी एक पद्धतही चालते: साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं जोडचिन्ह, नंबर २००डी. पडद्यावर दोन्हींचं रूप सारखंच.

इनस्क्रिप्टवर 'दऱ्या' लिहायला कळा अशा: ओ, शिफ्टसह जे, डी, स्लॅश, ई. 'दर्या'साठी जे शिफ्टशिवाय. फरक एका शिफ्टचा.

आता 'इनपुट'चा नळ उघडा आणि 'दऱ्या' हा एकच शब्द टाइप करा. लॉगमध्ये प्रत्येक कळीसाठी साधारण एवढं दिसतं: कोणती कळ आली, त्या वेळी कीबोर्ड कोणत्या स्थितीत होता, कोणता नियम लागू पडला आणि कोणतं अक्षर तयार झालं. त्यावरून चार शक्यता निघतात.

पहिली: लॉगमध्ये साधा जे आलेला दिसतो. म्हणजे शिफ्ट पोहोचलाच नाही. बोट चुकलं किंवा शिफ्टची कळ कुरकुर करतेय. लायब्ररी निर्दोष.

दुसरी: शिफ्टसह जे आला, पण त्यातून साधा र तयार झाला. म्हणजे नियमांच्या फाईलमध्ये चूक आहे. ती फाईल उघडून बघा आणि चूक दिसली तर ज्यांनी ती केली त्यांना कळवा. कळवताना लॉगमधल्या तेवढ्याच चार ओळी द्या.

तिसरी: ऱ बरोबर तयार झाला, तरीही पडद्यावर रफार दिसतो किंवा अक्षर फुटतं. म्हणजे कीबोर्डचं काम नीट झालं, गडबड मांडणीत आहे. 'इनपुट' बंद करा आणि 'एफएलटी' किंवा 'फॉन्ट' चालू करा.

इथे एक खाच आहे. एम१७एनची मांडणी फक्त त्या प्रोग्रामला लागू पडते जो अक्षरं काढायलाही एम१७एन वापरतो. लायब्ररीसोबत येणारा 'एम१७एन-एडिट' हा छोटा नमुना संपादक तसा आहे. पण फायरफॉक्स, लिबरऑफिस यांसारखे आजचे बहुतेक प्रोग्राम अक्षरं मांडायला हार्फबझ नावाची दुसरी लायब्ररी वापरतात. तिथे 'एफएलटी'चा नळ उघडला तरी थेंबसुद्धा येणार नाही. हे मौन म्हणजे बिघाड नव्हे, तो पुरावा आहे: हे काम इथे एम१७एन करतच नाही. मग तोच मजकूर दुसऱ्या फॉन्टमध्ये आणि दुसऱ्या ॲपमध्ये बघा.

चौथी: 'इनपुट' चालू करूनही एकही ओळ आली नाही. बहुतेक वेळा कारण साधं असतं. टर्मिनलमध्ये दिलेलं व्हेरिएबल फक्त त्याच टर्मिनलमधून सुरू केलेल्या प्रोग्रामला मिळतं. आयबस मात्र लॉगिन झाल्यापासून आधीच चालू असतो, त्याला तुमची नवी सेटिंग माहीतच नसते. आयबस बंद करा आणि त्याच टर्मिनलमधून पुन्हा सुरू करा.

बघा, लॉगने चूक दुरुस्त केली नाही. चूक कोणत्या घरात आहे तेवढं सांगितलं. पण दुरुस्तीचं अर्धं काम तिथेच होतं.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी आणखी दोन सोयी

एम१७एनमध्ये 'एमडीबग हूक' नावाचं एक फंक्शन आहे. लायब्ररीत कुठेही चूक झाली की ते बोलावलं जातं. ते स्वतः काही करत नाही, फक्त उणे १ परत देतं. मग उपयोग काय? डीबगरमध्ये या फंक्शनवर ब्रेकपॉइंट लावला की चूक होते त्याच क्षणी प्रोग्राम थांबतो आणि आपल्याला आत डोकावता येतं. हजार ओळींचा लॉग वाचण्यापेक्षा हे कधीकधी फार बरं.

दुसरी सोय म्हणजे 'डम्प' नावाची फंक्शन. एखादी इनपुट पद्धत किंवा मजकुराचा तुकडा लायब्ररीच्या आत कसा साठवला आहे ते छापून बघता येतं. हव्या त्या ठिकाणी, हव्या त्या वेळी, एकदाच.

बंद करायला विसरलं तर काय होतं? २०१७ ची दोन उदाहरणं

ही भीती कागदावरची नाही.

मे २०१७ मध्ये मॉडझीरो या स्वित्झर्लंडच्या सुरक्षा कंपनीने एक शोध जाहीर केला. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये कोनेक्संट कंपनीचा ऑडिओ ड्रायव्हर होता. त्यातल्या 'माइकट्रे' नावाच्या प्रोग्रामचं काम एवढंच की मायक्रोफोन बंद-चालू करण्याची खास कळ दाबली गेली का ते बघायचं. त्यासाठी तो सगळ्याच कळांवर नजर ठेवत होता. आणि डीबगसाठी लिहिलेला कोड तसाच राहिल्यामुळे दाबलेली प्रत्येक कळ एका साध्या फाईलमध्ये लिहीत होता. फाईल होती 'पब्लिक' फोल्डरमध्ये, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरच्या कुणालाही वाचता येईल अशा जागी. दर लॉगिनला ती नव्याने लिहिली जायची, पण बॅकअप घेतला असेल तर जुनी प्रत तिथे राहणारच. एचपीचं म्हणणं होतं की हा चाचणीसाठीचा भाग होता आणि विक्रीच्या आवृत्तीत तो यायला नको होता. नंतर दुरुस्ती देण्यात आली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुसरी गोष्ट समोर आली. एचपीच्या ४६० हून जास्त मॉडेलमध्ये असलेल्या सिनॅप्टिक्सच्या टचपॅड ड्रायव्हरमध्ये कळा नोंदवणारा डीबग कोड सापडला. तो मुळात बंद होता. पण विंडोजच्या रजिस्ट्रीत एक किंमत बदलली की चालू होऊ शकत होता. यावरही अपडेट आलं.

दोन्हीकडे डीबगसाठी लिहिलेला कोड ग्राहकाच्या मशीनवर तसाच पोहोचला होता.

इथे एक तांत्रिक कारणही समजून घ्या. एम१७एनसारख्या लायब्ररीला प्रोग्राम फक्त कळ पुरवतो. ती कळ व्हॉट्सॲपच्या गप्पांमधली आहे की बँकेच्या पासवर्डमधली, हे त्या पायरीवर कळत नाही. म्हणून 'पासवर्ड सोडून बाकीचं नोंदव' असं लायब्ररीला सांगून भागत नाही. ही काळजी वापरणाऱ्यालाच घ्यावी लागते.

मग माझ्या फोनचं काय?

फोनवर एम१७एन नसते. फोनच्या कीबोर्ड ॲपमध्ये त्यांचा स्वतःचा कोड असतो. पण नियम तेच लागू पडतात.

अँड्रॉइडमध्येही लॉगच्या पायऱ्या आहेत: व्हर्बोज, डीबग, इन्फो, वॉर्न आणि एरर. सगळ्या ॲपचे संदेश 'लॉगकॅट' नावाच्या एका ठिकाणी जमा होतात. पूर्वी परवानगी मागून एक ॲप दुसऱ्या ॲपचे लॉग वाचू शकायचं. २०१२ च्या अँड्रॉइड ४.१ पासून साध्या ॲपला फक्त स्वतःचेच लॉग वाचता येतात. तरीही कॉम्प्युटरला केबल जोडून, यूएसबी डीबगिंग चालू केलं तर सगळे लॉग दिसतात. म्हणून या गोष्टी पाळा:

• डेव्हलपर ऑप्शन आणि यूएसबी डीबगिंग काम झालं की बंद करा. दुरुस्तीच्या दुकानात फोन देताना तर नक्कीच.
• 'बग रिपोर्ट' नावाची फाईल कुणी मागितली तर विचार करून द्या. त्यात फोनचे लॉग असतात. अनोळखी माणसाला किंवा उघड्या ग्रुपवर ती कधीच टाकू नका.
• नवीन मराठी कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड इशारा देतो की हा कीबोर्ड पासवर्डसकट तुम्ही टाइप केलेलं सगळं गोळा करू शकतो. घाईने 'ओके' करण्याआधी तो कुणी बनवलाय ते बघा.
• कीबोर्डची एपीके फाईल कुठूनतरी आलेल्या लिंकवरून घेऊ नका. ती चाचणीची आवृत्ती असू शकते आणि तिच्यात डीबग चालू असू शकतं.

स्वतः कीबोर्ड बनवणार असाल तर

• डीबग मुळात बंद ठेवा. हवं असेल त्याने मुद्दाम चालू करावं.
• अक्षर छापण्याऐवजी 'एक व्यंजन आलं', 'तिसरा नियम लागला' असं छापून काम भागतं का ते बघा. बहुतेक वेळा भागतं.
• चाचणीसाठी ठरलेले शब्द ठेवा: हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा. पाच तालुक्यांत अनुस्वार, ळ, औ, ढ, उकार, वेलांट्या आणि मात्रा सगळं येतं. त्यात 'दऱ्या' आणि 'दर्या' जोडले की मराठीची बरीच परीक्षा होते. खरा मजकूर लॉगमध्ये येण्याची वेळच येत नाही.
• प्ले स्टोअरवर टाकायच्या आवृत्तीतून तपशीलवार लॉगचा कोड काढूनच टाका. नुसता बंद ठेवणं पुरेसं नाही, सिनॅप्टिक्सचं उदाहरण आठवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डीबग चालू केल्याने टायपिंग हळू होतं का?
एका नळाने सहसा जाणवत नाही. 'ऑल' चालू करून फाईलमध्ये लिहायला लावलं तर प्रत्येक कळीमागे जास्त काम होतं आणि फाईलही फुगत जाते.

लॉग दुसऱ्याला पाठवायचा आहे. सगळा पाठवू?
नको. चाचणीचा एकच शब्द नव्याने टाइप करा, तेवढ्याच ओळी कॉपी करा, एकदा स्वतः वाचा आणि मग पाठवा.

काम झालं. आता नक्की काय काय करायचं?
तीन गोष्टी: व्हेरिएबल 'अनसेट' करा, प्रोग्राम किंवा आयबस पुन्हा सुरू करा आणि लॉगची फाईल डिलीट करा. डिलीट केल्यावर पुन्हा एक शब्द टाइप करा आणि बघा. फाईल परत तयार झाली नाही, म्हणजे नळ खरंच बंद झाला.